सापडलेली फीत आणि हरवलेले भय

भुताची गोष्ट सांगू पाहणाऱ्यावर पहिली जबाबदारी येऊन पडते, ती म्हणजे 'हे तुम्हांला कसे कळले?' या प्रश्नाला उत्तर देण्याची. सुटीच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपून ओटीवर अंथरुणे पडली, की एखादे मामा किंवा आजोबा गोष्ट सांगावयास बसत. 'एक भूत होते' अशी सुरुवात ते कधीही करीत नसत. 'वाड्यामागच्या विहिरीवर माझ्या सख्ख्या चुलत्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते सांगतो,' अशी त्यांची सुरुवात असे. साक्षीदाराचे नाते जितके जवळचे, तितकी मुले एकमेकांना अधिक बिलगत. भुतावर विश्वास नंतर बसे. आधी तो चुलत्यांवर बसलेला असे.

चित्रपटसृष्टीत एक प्रकार असा आहे, की ज्याचे सारे भांडवल हा साक्षीदार होय. त्याला आपण 'सापडलेल्या फितीचा भयपट' म्हणू. कोणी तरी कॅमेरा घेऊन गेले, ते परत आले नाही, त्यांनी टिपलेली फीत मागे राहिली आणि तीच आता तुमच्यापुढे लावीत आहोत, असा त्याचा दावा असतो. दिग्दर्शक आपण नाहीच, असे भासवितो. चित्र हलते, अस्पष्ट होते, मध्येच तुटते. आणि तो दोष खरेपणाची खूण ठरतो.

या प्रकाराचा इतिहास आज मला एका अपयशी चित्रपटाच्या निमित्ताने सांगावयाचा आहे. 'व्ही-एच-एस : व्हायरल' हा त्याचा मुखडा असून तो २०१४ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. अशाच फितींच्या अनेक गोष्टी एकत्र गुंफलेल्या मालिकेतील तो तिसरा चित्रपट. पहिल्या दोहोंनी वाढविलेल्या अपेक्षा त्याने पार धुळीस मिळविल्या. यशस्वी कृतीचे सांधे दिसत नाहीत. पडलेल्या भिंतीच्या मात्र विटा मोजता येतात. म्हणून या पडझडीकडे थोडे बारकाईने पाहू.

ही युक्ती चित्रपटापेक्षा पुष्कळ जुनी आहे. ब्रॅम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ सालची. तीत निवेदक असा कोणी नाहीच. वकिलाची रोजनिशी, मैत्रिणींची पत्रे, जहाजाची नोंदवही, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि एका डॉक्टराने त्या वेळच्या नव्या ध्वनियंत्रावर नोंदविलेली टिपणे, एवढ्यांतून ती रचलेली आहे. कागदपत्रे वाचकापुढे टाकावयाची आणि निर्णय त्याच्यावर सोपवावयाचा, ही ती रीत. त्या काळातील नवे यंत्रही साक्षीला बोलाविलेले आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे प्रत्येक पिढीने तेच केले.

पुढचा टप्पा आपल्या या माध्यमाचाच आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स या अवघ्या २३ वर्षांच्या नटाने एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य अमेरिकेत ध्वनिक्षेपित केले. नृत्यसंगीत चालू असता ते मध्येच थांबवून बातमी सांगावयाची, पुन्हा संगीत लावावयाचे, पुन्हा बातमी, असा त्याचा आरंभ होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी देशभर हाहाकार उडाल्याच्या बातम्या दिल्या. तो हाहाकार वर्तमानपत्रांनी बराच फुगविला होता, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. तथापि काही श्रोते खरोखरीच घाबरले, आणि ते मंगळवासीयांना नव्हे, तर वार्ताहराच्या कापऱ्या आवाजाला. नाटकाने बातमीची विश्वासार्हता उसनी घेतली होती.

चित्रपटात ही उसनवारी कोणत्या थरास जाऊ शकते, हे १९८० साली इटलीत दिसून आले. रुजेरो देओदातो या दिग्दर्शकाने 'कॅनिबल होलोकॉस्ट' नावाचा चित्रपट काढला. अरण्यात नाहीशा झालेल्या चित्रपथकाच्या फिती सापडतात, हे त्याचे कथानक. तो इतका खरा वाटला, की इटलीतील अधिकाऱ्यांनी तो जप्त केला आणि नटांना खरोखर मारलेले नाही, हे सिद्ध करण्याची पाळी दिग्दर्शकावर आली. नट जिवंत होते. मात्र चित्रणासाठी मुक्या प्राण्यांची केलेली हत्या खरी होती, आणि तो कलंक त्या चित्रपटावर कायमचा राहिला आहे. खऱ्याचा आभास निर्माण करणे आणि खरेच काही करून बसणे, यांतील सीमारेषा या प्रकारात नेहमीच पुसट राहते.

हा प्रकार जगभर रूढ केला तो १९९९ च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघा तरुणांचा हा चित्रपट. तीन विद्यार्थी मेरिलँडच्या रानात एका चेटकिणीच्या आख्यायिकेवर अनुबोधपट काढावयास जातात आणि बेपत्ता होतात, एवढीच कथा. त्यात चेटकीण एकदाही दिसत नाही. नटांच्याच हाती कॅमेरे देऊन त्यांना सुमारे आठ दिवस रानात हिंडविले आणि जमलेल्या चित्रणातून ८१ मिनिटांचा चित्रपट काढला. आरंभीच्या चित्रणाचा खर्च काही हजार डॉलरच; आणि उत्पन्न जगभरात २५ कोटी डॉलरांच्या जवळपास! मूठभर काटक्यांच्या बाहुल्या आणि रात्री तंबूबाहेर ऐकू येणारे आवाज यांवर एवढी कमाई झालेली पाहून निर्मात्यांचे डोळे विस्फारले, यात नवल नाही. २००७ साली प्रथम दाखविला गेलेला ओरेन पेली यांचा 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' त्याच वाटेने गेला. सुमारे १५ हजार डॉलरांत, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात तो चित्रित झाला. निजण्याच्या खोलीत तिकाटण्यावर ठेवलेला कॅमेरा रात्रभर चालू असतो. दार किंचित हलते, आणि प्रेक्षकगृहात सन्नाटा पसरतो.

या दोन्ही चित्रपटांनी एक नियम कसोशीने पाळला होता. कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि जिवावर बेतले असता तो खाली का ठेवला जात नाही, या दोन प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तर होते. रानात हरवलेल्या मुलीला कॅमेऱ्याच्या काचेतून पाहिल्याने आपण या संकटाच्या बाहेर आहोत, असा खोटा धीर येत असतो. घरातील तरुणाला रात्री काय घडते याचा पुरावा हवा असतो. कॅमेऱ्याला असे कारण असले, म्हणजे प्रेक्षक इतर शंका विचारीत नाही.

आता या इतिहासाला दुसरा एक प्रवाह येऊन मिळतो. अनेक भयकथा एका चौकटीत गुंफण्याची रीत आपल्याला नवखी नाही. वेतालपंचविशी कोणास ठाऊक नाही? अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने कथासरित्सागरात गोवलेल्या या कथा मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडतात. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजा उत्तर देतो आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. वरवर पाहता ही चौकट गोष्टी टांगण्याची खुंटी वाटते. परंतु अखेरीस कळते, की ज्या साधूसाठी राजा हे ओझे वाहत होता, तो त्याचाच बळी देणार होता. आणि प्रत्येक उत्तराने राजाची पारख करणारा वेताळच त्याला सावध करतो. म्हणजे चौकट हीच खरी गोष्ट ठरते.

चित्रपटात ही विद्या ज्यांना साधली, त्यांत १९४५ सालचा इंग्लंडमधील 'डेड ऑफ नाइट' अग्रगण्य होय. ईलिंग स्टुडिओच्या या चित्रपटाला चार दिग्दर्शक होते. एक वास्तुशिल्पी एका खेड्यातील घरी येतो आणि तेथील सर्व मंडळी आपण स्वप्नात पाहिली आहेत, असे सांगतो. मग पाहुणे एकेक अनुभव सांगू लागतात. शेवटी त्या साऱ्या गोष्टींतील माणसे त्याच्या दुःस्वप्नात एकत्र येतात; तो जागा होतो, आणि पुन्हा त्याच घराकडे निघतो. अमेरिकेत हा चित्रपट प्रथम दाखविताना त्यांतील दोन गोष्टी कापल्या होत्या. परिणामी, अखेरच्या दुःस्वप्नात पूर्वी कधीही न दिसलेली माणसे अवतरली आणि प्रेक्षक बुचकळ्यात पडले. गुंफलेल्या माळेतील मणी काढला, की दोराही सैल पडतो.

सापडलेली फीत आणि कथांची माळ, हे दोन प्रवाह २०१२ च्या 'व्ही-एच-एस'मध्ये एकत्र आले. ब्रॅड मिस्का यांच्या कल्पनेतून निघालेल्या या मालिकेचे नावच घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटवरून घेतलेले आहे. जपानमध्ये १९७६ साली बाजारात आलेली ही कॅसेट आपल्याकडेही अनेकांच्या स्मरणात असेल. इंदूर काय, बडोदे काय, बेळगाव काय, १९८० नंतरच्या दशकात भाड्याने यंत्र आणि रंगीत दूरदर्शनसंच आणून अवघ्या आळीने रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहावयाचे, हा त्या काळचा सोहळाच होता. लग्नाच्या कॅसेटीवर पुढे कोणी तरी क्रिकेटचा सामना उतरवून घ्यावा आणि सामना संपताच एकाएकी अंतरपाट आणि मंगलाष्टके दिसू लागावीत, असेही घडे. कॅसेट ही वस्तू होती. ती हरवे, सापडे, झिजे आणि तिच्या पोटात आधीचे काही तरी शिल्लक राही.

पहिल्या चित्रपटाने नेमका याच गुणाचा लाभ उठविला. काही गुंड पैशाच्या लोभाने एका घरातून एक कॅसेट चोरावयास जातात. आत दूरदर्शनसंचांच्या रांगेपुढे एक म्हातारा खुर्चीत मरून पडलेला आणि सभोवार कॅसेटींचा ढीग. हवी ती कोणती, हे कळावयास त्या लावून पाहिल्याखेरीज गत्यंतर नाही. त्यांनी एकेक कॅसेट लावावी आणि आपण एकेक गोष्ट पाहावी! गोष्टी सारख्या कसाच्या नव्हत्या. संगणकावरील संभाषणाची एक गोष्ट तर कॅसेटीत गेलीच कशी, अशी शंका येते. परंतु चष्म्यात दडविलेल्या कॅमेऱ्यातून एका तरुणाला काय दिसते, ही डेव्हिड ब्रुकनर यांची गोष्ट अंगावर काटा आणणारी होती. २०१३ च्या दुसऱ्या चित्रपटाने आणखी पुढची मजल मारली. सायकलस्वाराच्या शिरस्त्राणावर कॅमेरा आहे. त्याला चालते प्रेत चावते, तोच चालते प्रेत होतो आणि कॅमेरा चालूच राहतो. खिशातील टेलिफोन चुकून लागतो, प्रेयसीचा आवाज येतो आणि त्या निर्जीव देहात क्षणभर माणूसपण जागे होते. ब्लेअर विचवाले सांचेझ हेच या गोष्टीच्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक होते. इंडोनेशियातील एका पंथाच्या मठात छुपे कॅमेरे घेऊन शिरलेल्या पथकाची तिमो त्याहयांतो आणि गॅरेथ इव्हान्स यांची गोष्ट तर या साऱ्या मालिकेचा कळस मानली जाते.

अशा पार्श्वभूमीवर तिसरा चित्रपट आला. 'व्हायरल' म्हणजे साथीच्या रोगासारखे हातोहात पसरणारे. कल्पना वाईट नव्हती. कॅसेटीचे दिवस सरले आहेत, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि लोकांना क्षणभराच्या प्रसिद्धीची तहान लागली आहे, हे त्यास सांगावयाचे होते. लॉस एंजलिसच्या रस्त्यांतून आइस्क्रीमची एक गाडी सुसाट धावत आहे, पोलीस तिच्या मागे आहेत आणि प्रसिद्धीसाठी ते दृश्य टिपावे म्हणून एक तरुण धावतो. त्याची प्रेयसी नाहीशी होते. ही त्याची चौकट.

येथेच पहिली वीट निखळली. या चौकटीत कोणी कॅसेट लावीत नाही, कोणी काही पाहत नाही. गाडी धावत असता मध्येच एक गोष्ट सुरू होते आणि संपते. पुन्हा गाडी दिसते. कोणी दाखविले, कोणी पाहिले आणि पाहणाऱ्याचे काय झाले, यांतील एकाही प्रश्नाचा पत्ता नाही. वेताळ आहे, पण राजाचा खांदा नाही.

दुसरी वीट साक्षीदाराची. एका जादूगाराला हुदिनीच्या मालकीचा म्हणून सांगितला जाणारा झगा मिळतो आणि त्याची खरी जादू रक्त मागू लागते, ही ग्रेग बिशप यांची गोष्ट. तिला मुलाखतींच्या अनुबोधपटाचे रूप दिले आहे. परंतु हाणामारी सुरू होताच जेथे कोणीही उभे असणे शक्य नाही, अशा कोनांतून चित्रे दिसू लागतात. करमणूक होते, हस्तलाघवही दिसते. मात्र चुलत्यांनी पाहिलेल्या भुताची गोष्ट सांगता सांगता मामांनी एकाएकी नाटकातील नटासारखे हातवारे सुरू करावेत, तसे होते. चाकांच्या फळीवरून कसरती करणारी मुले चित्रणासाठी मेक्सिकोतील तिहुआना शहरी जातात आणि सांगाडे त्यांच्यावर चालून येतात, ही जस्टिन बेन्सन आणि आरोन मूरहेड यांची गोष्ट. येथे कॅमेऱ्याला कारण आहे, पण भय लवकरच खेळाचे रूप घेते. सांगाडे पडत जातात आणि आपण ते मोजीत बसतो.

तिसरी वीट निर्मात्यांनी स्वतःच काढली. टॉड लिंकन यांची चौथी गोष्ट प्रदर्शनापूर्वी वगळण्यात आली आणि पुढे घरी पाहावयाच्या तबकडीत जोडली गेली. 'डेड ऑफ नाइट'मधून दोन गोष्टी काढताच त्याचा शेवट विस्कटला होता. येथे मात्र एक गोष्ट काढली तरी काही उणे पडले, असे वाटत नाही. चौकट आणि गोष्टी यांचा संबंध किती तुटलेला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा तो कोणता?

न्यायाने सांगावयाचे, तर या चित्रपटात एक गोष्ट खरोखर चांगली आहे. स्पेनचे नाचो विगालोंदो यांच्या त्या गोष्टीत एक संशोधक आपल्या तळघरात दुसऱ्या जगाचे दार उघडतो. पलीकडे तोच उभा असतो, तसाच कॅमेरा घेऊन! पंधरा मिनिटांपुरती जगांची अदलाबदल करावयाची, असे दोघे ठरवितात. घर तेच, बायको तीच, भिंती त्याच. परंतु काही तरी वेगळे आहे, हे हळूहळू उमगू लागते. प्रयोगाची नोंद ठेवावयाची म्हणून कॅमेरा हाती आहे. जुने नियम तिने पाळले, आणि तीच तेवढी मनात राहते.

कॅमेऱ्याचे कारण आणि गोष्टींची गुंफण, ही दोन्ही एकत्र साधता येतात, याचा दाखला आपल्या देशातही आहे. दिबाकर बॅनर्जी यांचा 'लव्ह सेक्स और धोखा' हा २०१० सालचा हिंदी चित्रपट भयपट नव्हे. परंतु त्यातही तीन गोष्टी आहेत. विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुकानातील पहाऱ्याचा कॅमेरा आणि वार्ताहराचा छुपा कॅमेरा, असे तीन साक्षीदार आहेत. एका गोष्टीतील माणूस दुसरीत ओझरता दिसतो, आणि तीन तुकड्यांचे एक शहर बनते.

मग 'व्हायरल' का फसला? केवळ हलगर्जीपणामुळे, असे मला वाटत नाही. अपयशाचे बीज त्याच्या नावातच होते. सापडलेल्या फितीचे भय 'सापडणे' या क्रियेत असते. एखादी वस्तू लपलेली होती, ती कोणाला मिळावयास नको होती आणि ती पाहणारा एकटा आहे, ही त्या भयाची मुळे. जे कोट्यवधी हातांत एकाच क्षणी पोहोचते, ते कोणालाच सापडत नाही. विहिरीवरचे भूत गावातील प्रत्येकाने रोज पाहिले असते, तर मुले मामांची गोष्ट ऐकावयास बसलीच नसती. नव्या काळाचे भय या चित्रपटाला दाखवावयाचे होते. पण त्यासाठी लागणारी नवी चौकट त्याने शोधली नाही आणि जुनी मोडून टाकली.

पुढील घटनांनी याला एक प्रकारे दुजोरा दिला. त्यानंतर ही मालिका सात वर्षे थांबली. २०२१ साली ती पुन्हा सुरू झाली, ती '९४' हा आकडा नावात घेऊन, म्हणजे १९९४ च्या कॅसेटयुगात परत जाऊन. मग '९९' आणि '८५' हे भाग निघाले. मधल्या काळात, २०१६ साली, कॅसेटयंत्रे बनविणाऱ्या जपानमधील अखेरच्या कारखानदाराने त्यांचे उत्पादन बंद केले होते. यंत्र कालबाह्य झाले आणि भयाला पुन्हा ठिकाण मिळाले. कारण जुनी, झिजलेली, एकमेव प्रत हीच विश्वासाची वस्तू ठरते.

श्रोतेहो, एका सामान्य भयपटासाठी एवढे चिंतन कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु साक्षीचा प्रश्न चित्रपटगृहापुरता उरलेला नाही. आज न पाहिलेली घटना पाहिल्यासारखी दाखविता येते, न बोललेले शब्द कोणाच्याही मुखी घालता येतात आणि त्यासाठी कॅमेराही लागत नाही. अशा वेळी हे कोणी पाहिले, कोठून पाहिले आणि ते आपल्यापर्यंत कोणी आणले, हे विचारण्याची सवय अंगी बाणविणे अगत्याचे आहे. ओटीवर गोष्ट ऐकताना मुले मामांना तेच तर विचारीत असत. उत्तर मिळाले, तरच ती घाबरत. न मिळाले, तर कुशीवर वळून निजत.